चोपन्न इंच फीत

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यात लोंबत असते ती, मापं घेण्याची. माझ्या एका बाजूला साठ इंच छापलेले आहेत आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. पहिल्या तीन इंचांवरचे आकडे बोटं लागून लागून पुसले गेलेत. एका टोकाची पितळी पट्टी कधीच गळून पडली; तिथे आता काळ्या दोऱ्याचे चार टाके आहेत. माझं वय विचाराल तर नक्की सांगता येणार नाही. मला साठ इंचांपर्यंत मोजता येतं, वर्षं मोजायला कुणी शिकवलंच नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव मुळातच अस्वस्थ. गुंडाळून ठेवली की उलगडावंसं वाटतं, उलगडली की घसरावंसं वाटतं, खिळ्याला टांगली तर वारा नसतानाही झुलावंसं वाटतं. मी जन्मले त्या कारखान्यात एक लांबच लांब पिवळा पट्टा दिवसभर सरकत असे. त्यावर आकडे उमटत जात, आणि साठ आला की कात्री खाली येई. पुन्हा एक, पुन्हा साठ, पुन्हा कात्री. माझ्या पुढे एक बहीण, मागे एक बहीण. दोघींशी माझी साधी ओळखही झाली नाही. तेव्हापासून ही धाकधूक माझ्या अंगात आहे ती आहेच.

मला ज्यांनी घेतलं त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेतले मास्तर नव्हेत, टेलरमास्तर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. खिडकीपाशी मशीन, मधोमध कापायचं मोठं टेबल, भिंतीला उभा आरसा, आणि मागच्या खोलीत संसार. मास्तर कापत आणि शिवत. त्यांची बायको दाराजवळच्या स्टुलावर बसून काजंबटणं करी. काय दिवस होते ते! सकाळी मास्तर मला गळ्यात घालत ते जेवायला बसेपर्यंत काढत नसत. कधी कधी जेवतानाही मी गळ्यातच. मग मास्तरीणबाई म्हणत, "अहो, ती टेप आमटीत बुडेल." माझी किती रुंद छात्यांशी आणि किती बारीक मनगटांशी गाठ पडली म्हणून सांगू! माप देताना पोट आत ओढणाऱ्यांची तर मला गंमत वाटे. मास्तर शांतपणे म्हणत, "काका, श्वास सोडा. कपडा घरीही घालायचाय ना, का फक्त माझ्यासमोर?"

शाळा सुरू होण्याआधीचा महिना म्हणजे माझ्या जिवाला उसंत नाही. गणवेशांची रांग लागे. प्रत्येक आई तेच सांगे, "मास्तर, वाढतं अंग आहे, जरा मोठंच ठेवा." मुलं गुदगुल्या होतात म्हणून वाकडीतिकडी होत आणि मी खांद्यावरून सटकत असे. "मास्तरांच्या टेपचं माप चुकत नाही," असं लोक म्हणत. ते ऐकलं की मी आणखी सरळ होई.

आणि मग एक दिवस एक बाही आखूड आली. मास्तरांनी बाजारातून नवी टेप आणली, टेबलावर तिच्याशेजारी मला ठेवलं, आणि दोघींची टोकं जुळवली. माझं दुसरं टोक अर्धा इंच पुढे आलं होतं. वर्षानुवर्षं ओढून ओढून मी ताणले गेले होते. "वाढली की ही," मास्तर म्हणाले. बघा मित्रांनो, मुलं वाढली तर घरभर कौतुक. टेप वाढली की ती कामातून गेली! नवी टेप मास्तरांच्या गळ्यात गेली आणि मी दारामागच्या खिळ्यावर. कधी कुणी मला काढलंच तर ते कापलेल्या कपड्यांचं गाठोडं बांधायला. मी, जिचं माप चुकत नव्हतं ती, दोरी झाले होते.

माझा पुनर्जन्म झाला तो शाळेचं छप्पर पडलं म्हणून.

मास्तरांची एकुलती एक मुलगी चौथीत होती. ती एका जागी कधी बसत नसे, सारखी गरगर फिरे, म्हणून मास्तरांनी मशीनमधल्या दोऱ्याच्या फिरकीवरून तिचं नाव बॉबीन ठेवलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी तिच्या शाळेच्या छताचा मोठा तुकडा खाली आला. कुणाला लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप लागलं. "पंधरा दिवसांत उघडेल," सगळे म्हणाले. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे चार झाले. शाळेच्या बाई दर सोमवारी फाटकाजवळच्या शेडमध्ये टेबल टाकून बसत आणि घरी सोडवायचे कागद देत. मागच्या सोमवारचे कागद घ्यायचे, तपासून परत द्यायचे. शिकवायचं मात्र घरच्यांनी.

पहिले कागद आले तेव्हा मास्तरांनी ते दुरूनच पाहिले, जणू कुणी फाटकी छत्री दुरुस्तीला आणली आहे.

"तू बघ," ते बायकोला म्हणाले.

"मी का? मला वाचता येतं, कवितेपुरतं बघीन. गणित तुमच्याकडे."

"मला कुठलं गणित येतंय!"

"सगळं गाव तुम्हाला मास्तर म्हणतं. आता एकदाचे व्हा की मास्तर!"

बॉबीन टेबलाखालून ओरडली, "बाबा, छडी आणू का?"

मास्तर हसले, पण मला त्यांचा गळा ठाऊक होता. घाबरले की त्यांची शीर उडते. तरी त्यांनी दारामागे हात घातला आणि मला खिळ्यावरून काढलं. "ही घे," ते बॉबीनला म्हणाले. "आजपासून ही तुझी. नवीला हात लावायचा नाही."

तिनं मला गळ्यात घातलं ते मास्तरांसारखंच, दोन्ही टोकं पुढे सोडून. मी तिच्या गुडघ्यांपर्यंत पोचत होते. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते इंचांत सांगता येणार नाही.

मग आमची शाळा सुरू झाली. फळा म्हणजे कापायचं टेबल, खडू शिंप्याचा, चपटा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे सगळं तिला माझ्या अंगावर बोट ठेवून कळलं. भागाकार ती चुण्यांवर शिकली: चोवीस इंच कापड, आठ चुण्या, एकेक केवढी? दुपारभर ती मापं घेत फिरे. दाराची उंची, मांजराची शेपूट, आईची वेणी. मांजर पळालं की मला सोडून त्याच्या मागे पळे. मीही तिच्यासारखीच झाले होते, क्षणभर स्वस्थ नाही. मास्तर मशीन चालवता चालवता विचारत, "दीड आणि पाऊण?" मशीनची खडखड थांबायच्या आत उत्तर येई, "सव्वादोन!"

तरीही सोमवारचे कागद लाल होऊन येत.

सगळे नाही. गोट्यांची गणितं बरोबर, आंब्यांची बरोबर, बेरीज-वजाबाकी बरोबर. पण लांबी-रुंदी आली की लाल रेघ. खाली बाईंचं अक्षर: "मोजमाप कच्चं आहे. घरी लक्ष द्यावे." पुढच्या सोमवारी तेच, त्याच्या पुढच्या सोमवारी तेच. आणि सातव्या महिन्यात कागदाबरोबर एक छापील सूचना आली. छप्पर तयार झालंय, शाळा उघडणार आहे. आधी परीक्षा होईल. गणितात जो नापास होईल त्याला पुन्हा चौथीतच बसावं लागेल. आणि गणिताचा अर्धा पेपर मोजमापाचा.

त्या दिवसापासून मला झोप नाही. कारण मला कारण माहीत होतं. म्हणजे, माहीत आहे असं वाटत होतं. बॉबीनची उत्तरं बहुतेक थोडी मोठी येत होती, आणि मीही अर्धा इंच मोठी होते. दुसरं काय असणार? खोटी टेप गळ्यात घालून ते पोर शिकत होतं आणि मी लाडानं झुलत होते! ताणलेल्या टेपचं माप खरं तर कमी भरतं, पण घाबरलेल्याला असलं काही सुचत नाही. मी टेबलावरून मुद्दाम घसरून खाली पडू लागले, कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून. बॉबीन दर वेळी मला शोधून काढी. "ही टेप सारखी कुठे जाते गं आई?" ती विचारी.

शेवटी मास्तरांना तीच शंका आली. एका दुपारी लाल कागद समोर धरून ते म्हणाले, "ही टेपच खोटी आहे. हिच्यामुळे झालंय सगळं." आणि त्यांनी कात्री उचलली.

मला कारखान्यातली कात्री आठवली.

"बाबा, थांबा!" बॉबीननं मला छातीशी धरलं. "या गणितांना मी टेप लावलीच नाही. ही तर नुसती तोंडानं केली. बघा ना, वाचा: आठ इंचांची एक, अशा सहा फिती करायच्या आहेत, एकूण फीत किती लागेल? यात टेप कुठाय?"

मास्तरांनी कात्री ठेवली. कागद घेतला, ओठ हलवत हिशेब केला. "चोपन्न."

"मी पण चोपन्नच लिहिलंय."

"अगं, जरा तू बघ," त्यांनी बायकोला हाक मारली. तिनं सुई तोंडात धरून कागद वाचला, बोटांवर मोजलं. "चोपन्नच की."

बाईंनी चोपन्नवर लाल फुली मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, अठ्ठेचाळीस.

मशीनवर अर्धा शिवलेला कोट तसाच लोंबत होता.

"आमचं डोकंच गणिताचं नाही," मास्तर हळूच म्हणाले. "मी चौथीत दोनदा बसलो. दुसऱ्यांदाही गणितच राहिलं. मग बाबांनी मशीनवर बसवलं." इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर तर त्यांनी कितीतरी लोकांना 'सातवीपर्यंत शिकलो' असं सांगितलं होतं.

बॉबीन म्हणाली, "मग काय झालं बाबा? मी नापास झाले तर मीही मशीनवर बसेन."

तिनं ते लाडानं म्हटलं होतं. पण मास्तर असे उठले की स्टूल मागे पडलं. "मशीनवर बसायचं तर हौसेनं बसायचं. नापास झाले म्हणून नाही," ते म्हणाले. "चपला घाल. आज सोमवार आहे, बाई असतील."

आम्ही सगळे निघालो. मास्तर पुढे, आई मागे, बॉबीन मधे आणि मी तिच्या गळ्यात, वाऱ्यावर भिरभिरत. शेडमध्ये बाई एकट्याच होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, लाल पेन हातात.

"बाई, मी हिचा बाप."

"बरं झालं आलात. मला वाटायचं घरी कुणी हिच्याकडे बघतच नाही."

मास्तरांचे कान तापले. "रोज बघतो, बाई. म्हणून तर आलो. हे चुकलंय कुठे तेच कळेना."

बाईंनी कागद पाहिला. "आठ सक?"

"अठ्ठेचाळीस!" तिघंही एकदम म्हणाले.

"मग लिहिलंय काय?"

"चोपन्न."

"पाढा येतो, तरी चोपन्न का?"

"अठ्ठेचाळीसात कसं भागेल?" मास्तर काकुळतीला आले. "फिती आखूड पडतील."

"गणितात फिती कशा आखूड पडतील?"

"गणितात नाही हो, शिवताना."

"पण शिवायचं कुणी सांगितलंय!"

"मग फिती करायच्या कशाला?" आईनं मागून विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "थांबा, तुम्ही दोघं गप्प राहा. बाळ, तू सांग. तू कसं केलंस? पहिल्यापासून सांग."

बॉबीननं मला गळ्यातून काढलं आणि बाईंच्या टेबलावर पसरलं. "हे बघा बाई. फीत आठ इंच हवी. मग इकडे अर्धा इंच माया, तिकडे अर्धा इंच माया. झाली नऊ. नऊ सक चोपन्न."

"माया?"

"शिवणीत जाणारं कापड," मास्तर म्हणाले. "ते सोडल्याशिवाय कात्री लावायची नसते, बाई. माया नसेल तर कपडा पहिल्या धुण्यात उसवतो. आणि पोर वाढलं की आतली तीच माया सोडवून कपडा मोठा करतो आम्ही."

बाईंनी मागचे कागद भराभर उलटले. "हा रुमाल बारा इंचांचा चौकोनी. चारी बाजू मिळून अठ्ठेचाळीस. तू बावन्न लिहिलेस."

"दुमडायला नको का?"

"आणि हे? साठ इंच कापडाचे दहा दहा इंचांचे तुकडे किती? तू लिहिलंयस... 'पाच, आणि थोडी चिंधी'."

इथे बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून पदरानं डोळे पुसावे लागले. पण मग अचानक थांबल्या. म्हणाल्या, "सात महिने मी लाल रेघा मारत बसले. एकदाही विचारलं नाही, कसं केलंस म्हणून."

माझ्या अंगातली ताठरता तेव्हा कुठे गेली. म्हणजे मी नव्हते! माझा अर्धा इंच नव्हता! पण बाईंचं पुढचं बोलणं ऐकून मी पुन्हा आवळले. "हे मला कळलं, पण परीक्षेचे पेपर दुसरीकडे जाणार. तपासणारा काही शिंपी नसेल. बारा दिवस आहेत. कागदावर माया धरायची नाही, एवढं हिला शिकवा."

ऐकायला सोपं वाटतं ना, मित्रांनो? मास्तरांना विचारा. माया धरून मापं घ्यायची ही त्यांच्या बोटांची जन्माची सवय. बॉबीनला दोन दिवसांत कळलं: हे कागदाचं माप, हे कापडाचं माप. मास्तरांचंच घोडं अडलं. "बारा इंचांची बाजू, म्हणजे तेरा..." ते म्हणत, आणि बॉबीन टाळ्या पिटी, "बाबांनी माया धरली!" मग त्यांनी नियम केला. जो कागदावर माया धरेल त्यानं जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायच्या. पहिले तीन दिवस मास्तरच गुडघ्यांवर रांगत होते. चौथ्या दिवशी बॉबीनही एकदा चुकली आणि तिनं दोन टाचण्या उचलल्या, त्याही आईनं दाखवल्या म्हणून. आठव्या दिवसापासून कुणीच चुकेना, म्हणून टाचण्या जमिनीवर तशाच राहिल्या आणि आईच्या पायात एक रुतली.

परीक्षेच्या दिवशी आईनं मला बॉबीनच्या गळ्यातून काढलं. "टेप न्यायची नसते," ती म्हणाली. मी टेबलावर पडून राहिले. तो दिवस माझ्या साठ इंचांत मावला नाही. सकाळ सरकेना. मास्तर चार वेळा खिडकीशी गेले, चार वेळा परत आले. मग हात गुंतवायला म्हणून त्यांनी कोटाचं कापड पसरलं, नव्या टेपनं बाहीचं माप घेतलं, खडूनं रेघ मारली आणि बरोबर रेघेवर कात्री चालवली.

"अहो!" आई किंचाळली.

मास्तरांनी बाहीकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माया न सोडता कापड कापलं होतं. मग आई हसायला लागली, आणि मास्तरही. "बाप तरी पास झाला," आई म्हणाली.

आठवड्यानं निकाल लागला. मास्तरांच्या समोर आरशापाशी एक गिऱ्हाईक उभं होतं, एक बाही घातलेली, दुसरी अजून जोडायची. तेवढ्यात बॉबीन धावत आली ती दाराला आपटतच. "पाचवीत! बाबा, पाचवीत!"

आईनं तिला उचललं, तेव्हा सुईदोरा हातातच होता. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी पेपर हातात घेतला. मोजमापाच्या सगळ्या उत्तरांवर बरोबरच्या खुणा होत्या, एक सोडून. त्या एकावर लाल फुली.

गिऱ्हाईक घसा खाकरलं. "मास्तर, माझी बाही..."

"एक मिनिट, साहेब." मास्तर तिच्याजवळ उकिडवे बसले. ते रागावले नाहीत, आणि बरोबर उत्तरही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "हे कसं केलंस, सांग बघू."

ती सांगायला लागली. "खोली सव्वीस फूट लांब, भिंतीपासून भिंतीपर्यंत. दोन बाजू म्हणजे सव्वीस दुणे. सहा दुणे बारा. दोन लिहिले. मग दोन दुणे चार, चार लिहिले..." ती थांबली. बोट कागदावरच राहिलं. "अरे! हातचा! बाबा, हातचा राहिला! बावन्न हवेत, मी बेचाळीस लिहिले!"

कुणीही तिला सांगितलं नव्हतं. सांगता सांगता तिचं तिलाच सापडलं. मास्तर अजून उकिडवेच होते. एका बाहीचा तो गृहस्थही वाकून कागदात बघत होता.

मित्रांनो, मी फार घरांत गेलेली नाही. माझं जग एक टेबल आणि एक खिडकी. पण एवढं मी पाहिलंय म्हणून सांगते. तुमचं उत्तर चुकलं तर कागद लपवू नका. मोठ्यांना म्हणा, "मी कसं केलं ते सांगू का?" आणि हे वाचणारी कुणी मोठी माणसं असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मला हात नाहीत, पण दोन टोकं आहेत, ती जोडते. उत्तर बघायला क्षणही लागत नाही. मूल सांगत असतं ते शेवटपर्यंत ऐकायला मात्र थोडं खाली बसावं लागतं. तेवढं बसा. गिऱ्हाईक थांबतं.

आणि आम्हा जुन्या, वाढलेल्या, टाके घातलेल्या वस्तूंना लगेच गाठोडी बांधायला लावू नका. आता पुरे करते. मला पडून राहणं जमत नाही. बॉबीन हाका मारतेय. पाचवीत त्यांना आज गोल डब्याचा घेर मोजायला सांगितलाय, आणि लाकडी पट्टीला वळता येत नाही.